अधिकार आणि हिशेब : सर फिरोजशहा मेहता यांची वकिली, राजकारण आणि बँक

सर फिरोजशहा मेरवानजी मेहता (१८४५–१९१५) यांची मराठी वाचकाला असलेली ओळख बहुधा सुरतेच्या काँग्रेसपुरती असते : लोकमान्य टिळकांचे प्रतिपक्षी आणि नेमस्तांचे करारी पुढारी. ही ओळख खोटी नाही. परंतु ती फार अपुरी आहे, कारण ज्या माणसाने मुंबईच्या नगरशासनाची कायदेशीर चौकट घडविण्यात चाळीस वर्षे घालविली, जो प्रांतिक आणि मध्यवर्ती कायदेमंडळांत सरकारला शब्दागणिक जाब विचारीत राहिला आणि आयुष्याच्या अखेरच्या पर्वात ज्याने एका नव्या देशी बँकेचे अध्यक्षपद स्वीकारले, त्याचे कार्य एका अधिवेशनातल्या झगड्यावरून मोजता येत नाही. कायदा, राजकारण आणि व्यापार ही तीन क्षेत्रे त्यांच्या बाबतीत वेगवेगळी राहिली नाहीत. ज्याच्या हाती अधिकार आहे आणि दुसऱ्याचा पैसा आहे, त्याने हिशेब कोणाला द्यायचा, आणि तो मागण्याचा हक्क नियमांत कसा बांधून ठेवायचा, या एकाच प्रश्नाशी ते तिन्ही ठिकाणी झुंजत होते.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईतील एका पारशी व्यापारी कुटुंबात झाला. वडील मेरवानजी चीनशी चालणाऱ्या व्यापारात होते. त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण बेताचेच असले तरी त्यांनी गुजरातीत भूगोलाचे पाठ्यपुस्तक लिहिले होते आणि रसायनशास्त्राचे एक पुस्तक भाषांतरित केले होते. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८६४ मध्ये पदवी घेऊन फिरोजशहांनी पुढच्या काही महिन्यांतच एम. ए. ची परीक्षा दिली आणि मुंबई विद्यापीठाची ही पदवी मिळविणारे ते पहिले पारशी ठरले. कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांचे या विद्यार्थ्यावर विशेष लक्ष होते, आणि रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई यांनी पाच हिंदी तरुणांना विलायतेत बॅरिस्टर करण्यासाठी दीड लाख रुपये देऊ केले, तेव्हा निवड झालेल्यांत फिरोजशहांचे नाव आले.

त्या काळी मुंबईत असे लाखांचे आकडे सहज उच्चारले जात. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, हिंदुस्थानी कापसाचे भाव अनेक पटींनी चढले, आणि शहरात आलेला हा पैसा समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या, नव्या बँकांच्या व वित्तसंस्थांच्या शेअरांत ओतला जाऊ लागला. यांतले बरेच व्यवहार वायद्याचे होते, म्हणजे ठरलेल्या तारखेला ठरलेल्या भावाने माल किंवा पैसा देण्याचे नुसते वचन त्यांत असे. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपत आले, कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजी मोठ्या वायद्यांची मुदत भरली तेव्हा देणी भागविण्यास कोणाजवळच पैसा नव्हता. काल धनाढ्य म्हणून मिरविणारी घराणी दिवाळखोरीत गेली. सरकारचा ज्यात हिस्सा होता ती बँक ऑफ बॉम्बेसुद्धा बेफाम कर्जे दिल्यामुळे बुडाली. रुस्तमजींची देणगीही या पडझडीत सापडली आणि लंडनमध्ये शिकत असलेल्या विद्यार्थ्याचा आधार गेला. फिरोजशहांनी शिक्षण सोडले नाही. १८६८ मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन ते परतले. मात्र इतरांचा पैसा सांभाळणाऱ्या संस्थेवर देखरेख नसली म्हणजे काय होते, याचा पहिला धडा त्यांना कायद्याच्या ग्रंथांआधी स्वतःच्या आयुष्यात मिळाला होता, ही गोष्ट त्यांच्या पुढील वाटचालीकडे पाहताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

लंडनमधील त्या तीन-चार वर्षांत दादाभाई नौरोजी यांच्याभोवती जमणाऱ्या हिंदी तरुणांत ते वावरले. व्योमेशचंद्र बॅनर्जी आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्याशी त्यांचे स्नेह तेथेच जुळले. मुंबईत परतल्यावर मात्र व्यवसायाची वाट सोपी नव्हती. हायकोर्टाच्या मूळ शाखेत, म्हणजे मुंबई शहरातील मोठे दावे थेट जेथे दाखल होत त्या विभागात, पक्षकाराला बॅरिस्टरकडे परस्पर जाता येत नसे. दावा सॉलिसिटर तयार करी आणि तोच बॅरिस्टर निवडी. सॉलिसिटरांच्या मोठ्या पेढ्या युरोपियनांच्या हाती होत्या आणि त्यांची कामे साहजिकच युरोपियन बॅरिस्टरांकडे जात. फिरोजशहांनी म्हणून आपला जम पुष्कळसा मुंबईबाहेर, गुजरात-काठियावाडातील न्यायालयांत आणि संस्थानिकांच्या कामांत बसविला. पुढे त्यांचे सहकारी एकामागून एक न्यायासनावर गेले : काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८८९ मध्ये, तय्यबजी १८९५ मध्ये. फिरोजशहा वकीलच राहिले. न्यायाधीशाला सार्वजनिक वादांत उघडपणे उतरता येत नाही, वकिलाला येते, आणि त्यांचे खरे कार्यक्षेत्र न्यायालयाच्या भिंतींबाहेर होते.

ते क्षेत्र म्हणजे मुंबईची म्युनिसिपालिटी. १८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार एका म्युनिसिपल कमिशनरकडे सोपविला होता आणि त्याच्यावर नियंत्रण ठेवण्याचे काम ‘जस्टिसेस ऑफ द पीस’ या मंडळीकडे दिले होते. हे जस्टिस म्हणजे सरकारने तहहयात नेमलेले प्रतिष्ठित नागरिक. त्यांची संख्या शेकड्यांनी होती, पण करदात्यांनी त्यांना निवडलेले नव्हते आणि करदात्यांना ते उत्तरदायीही नव्हते. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हे विलक्षण कर्तबगार आणि तितकेच सढळ हाताचे अधिकारी होते. रस्ते, गटारे, शहराची स्वच्छता, पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेलेली मंडई, या सर्व कामांनी शहराचे रूप पालटले, पण म्युनिसिपालिटी कर्जात बुडाली आणि कर वाढले. १८७१ मध्ये करदात्यांचा असंतोष उफाळून आला. नवरोजी फर्दुनजी, विश्वनाथ नारायण मंडलिक यांसारखे वजनदार पुढारी या चळवळीत होते, आणि एकाच माणसाच्या हातची ही निरंकुश सत्ता काढून ती समितीकडे द्यावी, अशी मागणी जोर धरू लागली.

लोकमताचा हा प्रवाह ऐन भरात असताना सव्वीस वर्षांच्या या बॅरिस्टराने फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये निबंध वाचून त्याच्या विरुद्ध दिशेने मांडणी केली. दोष एका अधिकाऱ्याच्या हाती अंमलबजावणी असण्यात नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्यांनी त्याला आवरायचे ते जस्टिस कोणालाच जबाबदार नसल्याने स्वस्थ बसले, हा खरा दोष आहे. अंमलबजावणी समितीकडे दिली तर काम मंदावेल, आणि काही चुकले तर जबाबदारी इतक्या जणांत वाटली जाईल की ती कोणाचीच राहणार नाही. म्हणून अंमलबजावणीचा अधिकारी एकच असावा आणि तो समर्थही असावा. पण त्याने कोणती कामे करावी आणि त्यासाठी किती पैसा खर्चावा हे ठरविणारी सभा करदात्यांनी निवडलेली असावी आणि हिशेब तपासणारा अधिकारी कमिशनरच्या मुठीबाहेर असावा. क्रॉफर्ड यांची बाजू घेतल्यासारखे दिसणारे हे भाषण सभेला रुचले नाही आणि वक्त्याला श्रोत्यांचा रोष पत्करावा लागला. तथापि त्या चर्चेत फिरोजशहांचाच निबंध सर्वांत दूरदृष्टीचा होता, असे आज मागे वळून पाहताना म्हणावे लागते. इतरांचा राग एका व्यक्तीवर होता. यांनी रचनेतला दोष दाखविला, आणि लोकांवर विश्वास ठेवा, मतदानाचा हक्क द्या, ही मागणी अधिकाऱ्याची बाजू घेताघेताच पुढे रेटली.

१८७२ च्या कायद्याने हीच दिशा पुष्कळ अंशी स्वीकारली. नव्या कॉर्पोरेशनमध्ये ६४ सभासद आले, त्यांपैकी ३२ करदात्यांनी निवडलेले, १६ जस्टिसांनी निवडलेले आणि १६ सरकारनियुक्त होते. कमिशनर सरकार नेमणार, पण पैशाच्या नाड्या कॉर्पोरेशनकडे. अशा प्रमाणात निवडणुकीचे तत्त्व त्या वेळच्या हिंदुस्थानात नवे होते. मतदार अर्थात विशिष्ट रकमेचा कर भरणारे मूठभर लोकच होते. गिरणीतला मजूर, चाळीतला भाडेकरू आणि स्त्रिया यांचा त्यात विचार नव्हता, ही मर्यादा नोंदविली पाहिजे. फिरोजशहा या कॉर्पोरेशनमध्ये प्रारंभीच्या काळात दाखल झाले आणि अखेरपर्यंत तिच्याशी बांधलेले राहिले. १८८४, १८८५ आणि पुन्हा १९०५ मध्ये ते तिचे अध्यक्ष होते. बोरीबंदरासमोरच्या म्युनिसिपल इमारतीची कोनशिला व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते बसली ती त्यांच्याच अध्यक्षपदाच्या काळात.

पुढचा टप्पा १८८८ च्या कायद्याचा, आणि कायदेपंडित या नात्याने फिरोजशहांचे सर्वांत टिकाऊ काम येथे आहे. नव्या विधेयकाच्या मूळ मसुद्याचा कल कमिशनरला कॉर्पोरेशनच्या बरोबरीची स्वतंत्र सत्ता देण्याकडे होता. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांनी प्रांतिक कायदेमंडळावर नेमलेले फिरोजशहा आणि तेथे आधीपासून असलेले तेलंग या दोघांनी कलमाकलमाने झुंज देऊन तो कल पालटला. अन्यथा स्पष्ट तरतूद नसेल तेथे शहराचे नगरशासन कॉर्पोरेशनकडे निहित आहे, हे तत्त्व कायद्याच्या ६४ व्या कलमात आले. ‘निहित’ या शब्दाचा अर्थ असा की सत्तेचे मूळ ठिकाण कॉर्पोरेशन, आणि इतरांकडे जाते ती कायद्याने वाटून दिलेली सत्ता. म्युनिसिपालिटीने केलीच पाहिजेत अशी कामे आणि ऐपतीप्रमाणे करावीत अशी कामे यांची वेगळी कलमे झाली, सभासदसंख्या ७२ झाली, त्यांपैकी ३६ वॉर्डांतून निवडून येऊ लागले, आणि जुन्या नगरसमितीच्या जागी बारा जणांची स्थायी समिती आली. स्थायी समिती, कमिशनर आणि कॉर्पोरेशन यांचा हा त्रिकोण मुंबईकराला आजही परिचित आहे, कारण पुष्कळ दुरुस्त्या होऊनही तोच १८८८ चा अधिनियम मुंबई महानगरपालिकेला लागू आहे. ७ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांची मुदत संपल्यावर निवडणूक लांबली, आणि तीन वर्षांहून अधिक काळ आयुक्तच प्रशासक म्हणून सर्व कारभार पाहत राहिले, तेव्हा फिरोजशहांच्या रचनेतला समर्थ अधिकारी उरला होता, पण त्याला जाब विचारणारी सभा नव्हती. १८७१ मध्ये त्यांनी दोष दाखविला होता तो नेमका या अनुपस्थितीचा.

दरम्यान त्यांच्या राजकारणाचा व्याप वाढत गेला होता. ३१ जानेवारी १८८५ रोजी मेहता, तेलंग आणि तय्यबजी यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. त्याच वर्षअखेर मुंबईत राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, पहिले अधिवेशन भरले आणि १८९० च्या कलकत्ता अधिवेशनाचे अध्यक्षपद फिरोजशहांकडे आले. १८९२ च्या सुधारणेनंतर मुंबईच्या बिनसरकारी सभासदांनी त्यांना व्हाइसरॉयच्या कायदेमंडळावर पाठविले. या मंडळात अंदाजपत्रकावर बोलता येई, प्रश्न विचारता येत. अंदाजपत्रकावर मत मात्र देता येत नसे. १८९५ मध्ये पोलीस कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले. दंगल झालेल्या भागात जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च कोणत्या रहिवाशांकडून वसूल करायचा, हे ठरविण्याचा अधिकार जिल्हा मॅजिस्ट्रेटला देण्याची तरतूद त्यात होती. फिरोजशहांचा आक्षेप वकिलाचा होता : न्यायालयीन चौकशीशिवाय एखाद्याला दोषी धरून दंड करणे म्हणजे कारभाऱ्याने न्यायाधीशाची जागा घेणे. अर्थखात्याचे सभासद सर जेम्स वेस्टलँड यांना हे इतके झोंबले की मंडळात एक नवीनच वृत्ती शिरू लागल्याची तक्रार त्यांनी भर सभेत केली. ती तक्रार म्हणजे फिरोजशहांच्या कामगिरीची सरकारी पावतीच होती. कापडाच्या प्रश्नावरही ते असेच ठाम राहिले. महसुलाच्या तुटीमुळे परदेशी कापडावर आयात जकात बसविताना लँकेशायरच्या दबावाने देशी गिरण्यांच्या मालावरही तिच्या जोडीची अबकारी लादण्याचे धोरण १८९४ मध्ये सुरू झाले, आणि ज्या शहराचे पोट गिरण्यांवर होते त्याच्या या प्रतिनिधीने त्याला विरोध केला.

या सर्व काळातील सर्वांत धारदार प्रसंग १९०१ मधला आहे. दुष्काळाने शेतकरी खचलेला असताना मुंबई सरकारने जमीनमहसूल कायद्यात दुरुस्ती आणली. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन पुन्हा लागवडीस देताना ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क न देता द्यावी, असा तिचा आशय होता. सावकाराच्या पाशातून शेतकऱ्याला सोडविणे हा हेतू सांगितला गेला. विरोधकांचे म्हणणे असे की यामुळे जमिनीचा धनी सरकारचे कूळ बनेल आणि त्याची पत संपेल. घाई करू नका, लोकमत अजमावा, ही फिरोजशहांची सूचना सरकारी बहुमताने फेटाळली तेव्हा ते सभागृहातून उठून निघून गेले, आणि गोपाळ कृष्ण गोखले, भालचंद्र कृष्ण प्रभृती सभासद त्यांच्या मागोमाग बाहेर पडले. नियमांच्या चौकटीत राहण्याचा आग्रह धरणाऱ्या माणसाने केलेला हा सभात्याग होता, म्हणूनच त्याचा परिणाम खोल झाला. त्याच सुमारास प्रकृतीच्या कारणाने फिरोजशहांनी मध्यवर्ती मंडळातील जागा सोडली आणि तेथे गोखले गेले.

१९०७ हे वर्ष त्यांच्या दृष्टीने दुहेरी कसोटीचे होते. कॉर्पोरेशनमधील त्यांचे वर्चस्व मोडण्यासाठी काही वरिष्ठ इंग्रज अधिकारी आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक लोव्हाट फ्रेझर यांनी मिळून एक गट उभा केला, आणि जस्टिसांच्या सोळा जागांच्या निवडणुकीत फिरोजशहा सतरावे आले. निवडून आलेल्यांपैकी एक जण अपात्र ठरल्यामुळे ते पुन्हा कॉर्पोरेशनमध्ये आले, आणि या कारस्थानाने त्यांची लोकप्रियता उलट वाढली. त्याच वर्षाच्या अखेरीस मात्र नागपूरला ठरलेले काँग्रेसचे अधिवेशन सुरतेला हलविण्यात आले, सभा उधळली, आणि १९०८ मध्ये नेमस्तांनी अलाहाबादेत काँग्रेसची घटना लिहून काढली. वसाहतींप्रमाणे स्वराज्य, सनदशीर मार्ग आणि मान्यताप्राप्त संस्थांकडूनच निवडलेले प्रतिनिधी, या अटींनी टिळकपक्षाला दार बंद झाले. ज्याने म्युनिसिपालिटीत दार उघडण्यासाठी कलमे लिहविली, त्याच्या पक्षाने येथे दार लावून घेण्यासाठी कलमे वापरावीत, ही फिरोजशहांच्या राजकारणातली खरी उणीव आहे, आणि त्यांच्या इतर कार्याविषयीच्या आदरापोटी ती झाकण्याचे कारण नाही.

व्यापारक्षेत्रातील त्यांचे सर्वांत महत्त्वाचे पाऊल यानंतरचे. मुंबईतील बँकव्यवहार त्या वेळी दोन प्रकारच्या संस्थांच्या ताब्यात होता : सरकारी कायद्याने स्थापन झालेली (जुनी बुडाल्यावर त्याच नावाने पुन्हा उभी राहिलेली) बँक ऑफ बॉम्बे, आणि परदेशी चलनाच्या उलाढालीत मुरलेल्या, विलायतेतून चालविल्या जाणाऱ्या ‘एक्स्चेंज बँका’. दोन्हीकडे वरच्या जागा युरोपियनांच्या होत्या. स्वदेशीच्या लाटेत १९०६ मध्ये बँक ऑफ इंडिया निघाली, पण तिचाही व्यवस्थापक युरोपियन होता. या बँकेत काम केलेल्या सोराबजी पोचखानवाला या तरुणाने मालकी आणि व्यवस्थापन दोन्ही हिंदी लोकांच्या हाती असलेली बँक काढण्याचे ठरविले, आणि २१ डिसेंबर १९११ रोजी सेंट्रल बँक ऑफ इंडिया अस्तित्वात आली. तिचे पहिले अध्यक्ष फिरोजशहा मेहता होते.

त्यांचे वय तेव्हा सहासष्ट होते आणि बँकेचे रोजचे काम पोचखानवाला पाहत. मग अध्यक्षाचा उपयोग काय, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर बँकव्यवसायाच्या स्वरूपातच आहे. ठेवीदार बँकेची वही पाहत नाही. वही नीट ठेवली जात आहे यावर त्याचा विश्वास असतो, आणि तो विश्वास बँकेच्या संचालकांकडे पाहून बसतो. १८६५ च्या आठवणी मुंबईत पुरत्या विझल्या नव्हत्या. फिरोजशहांचे निकटचे सहकारी दिनशा वाच्छा यांनी त्या सट्ट्याच्या काळावर १९१० मध्ये स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले होते. अशा शहरात नवी देशी बँक उभी राहताना, चाळीस वर्षे शहराच्या पैशाचा हिशेब मागत आलेल्या माणसाचे नाव तिच्या माथ्यावर असणे हे भागभांडवलाइतकेच मोलाचे होते.

त्याची परीक्षा लवकर झाली. १९१३ च्या सप्टेंबरात लाहोरची पीपल्स बँक बुडाली आणि भीतीची लाट देशभर पसरली. नोव्हेंबरच्या अखेरीस मुंबईची इंडियन स्पेसी बँक कोसळली; तिचे चालक चुनीलाल सरैया यांनी ठेवीदारांचा पैसा चांदीच्या प्रचंड सट्ट्यात गुंतविला होता आणि तो डाव अंगाशी आला होता. देशी बँका एकामागून एक दारे लावू लागल्या, आणि हिंदी लोकांना बँक चालविताच येत नाही असा निष्कर्ष काढण्यास टपलेल्यांना निमित्त मिळाले. सेंट्रल बँकेवरही ठेवी काढून घेणाऱ्यांचा ताण आला; ती टिकली. १८६५ ची बँक ऑफ बॉम्बे आणि १९१३ ची स्पेसी बँक यांचा रोग एकच होता, वरच्या माणसाला कोणी न विचारण्याचा. सेंट्रल बँक वाचण्याचे श्रेय मुख्यतः पोचखानवालांच्या सावध कारभाराला आहे, पण देशी बँकांवरचा विश्वास रोज ढासळत असताना अध्यक्षाच्या नावाचा आधार किती मोठा असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. 

१९१३ मध्येच त्यांनी ‘बॉम्बे क्रॉनिकल’ हे इंग्रजी दैनिक सुरू करविले आणि बेंजामिन हॉर्निमन यांना संपादक म्हणून आणले. १९०७ मध्ये ‘टाइम्स’च्या संपादकानेच आपल्याविरुद्ध मोहीम चालविल्याचा अनुभव त्यामागे होता; हिंदी मताचे इंग्रजी पत्र असल्यावाचून सरकारला जाब विचारणे अपुरे राहते, हे त्यांनी ओळखले होते. १९१५ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. गोखले त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले होते. ५ नोव्हेंबरला फिरोजशहाही गेले. काँग्रेसचे त्या वर्षीचे अधिवेशन मुंबईतच भरायचे ठरले होते. ते डिसेंबरात सत्येंद्र प्रसन्न सिन्हा यांच्या अध्यक्षतेखाली भरले, आणि अलाहाबादेत लिहिलेल्या घटनेतील प्रतिनिधी निवडण्याचा नियम त्याच अधिवेशनात सैल करण्यात आला. पुढच्या वर्षी लखनौला टिळक आपल्या अनुयायांसह काँग्रेसच्या मंडपात परतले.